शेपटीचं अक्षर

मी एक जुनी लाकडी सोंगटी आहे. माझ्या अंगावर एकच इंग्रजी अक्षर आहे, वाय. मित्रांनो, वाय म्हटलं की तुम्ही मला वर्णमालेच्या टोकाला, झेडच्या शेजारी ढकलून मोकळे होता. खुशाल ढकला. शेवटी उभं राहणाऱ्याची किंमत काय असते, ते मला चांगलं ठाऊक आहे.

माझा जन्म इंग्लंडातल्या डर्बीशर भागात, मोजे विणणाऱ्या गिरणीच्या गावात झाला. होरेस ऑलसप हे गिरणीतले सुतार. एका मोडक्या बाकाच्या लाकडातून त्यांनी आपल्या दोन मुलींसाठी सोंगट्या कापल्या आणि तापलेल्या सळईने त्यांवर अक्षरं डागली. इतर अक्षरांना जुळी भावंडं मिळाली. माझी पाळी येईपर्यंत लाकूड संपत आलं, म्हणून मी एकटीच राहिले आणि माझा एक हातही जरा आखूड उमटला.

"शेपटीला एक पुरे, बदक्यांनो!" ऑलसप मुलींना म्हणाले. आमच्या गावात लाडक्या माणसाला बदकच म्हणतात.

रविवारी दुपारची जेवणं आटोपली की शेपटीचा डाव मांडला जाई. पेटीतून न बघता एक अक्षर काढायचं, ते शेवटी ठेवायचं आणि प्रत्येकाने त्याच्या आधी चार अक्षरं लावून पाच अक्षरांचा शब्द करायचा. क्यू निघाला की घरभर बोंबाबोंब व्हायची, आणि मी निघाले की टाळ्या पडायच्या. हॅपी, पार्टी, स्टोरी, अँग्री, फनी! माझ्यासाठी शब्दांची रांग लागायची. मी फुशारून जायचे, आणि का जाऊ नये?

ऑलसप वारले, तेव्हा आमची पेटी थोरल्या बेरिलकडे आली. धाकटी नोरीन समोरच राहायची आणि दर रविवारी रस्ता ओलांडून यायची. पुढे बेरिलने दक्षिणेकडच्या रूपर्टशी लग्न केलं. रूपर्ट स्वभावाने गरीब होता, पण त्याने संसारात एक जाडजूड शब्दकोश आणला आणि तिथेच माशी शिंकली.

एका रविवारी मी निघाले. नोरीनने माझ्या आधी एम, ए, आर, डी अशी अक्षरं लावली. शब्द झाला 'मार्डी'. आमच्याकडे रुसूबाईला मार्डी म्हणतात. रूपर्टने पानं उलटली, चष्मा पुसला आणि मान हलवली.

"असा शब्द नाहीये."

"नाहीये? अहो, आई मला जन्मभर हेच म्हणत आली!" नोरीन म्हणाली. "बेरिल, तू सांग ना यांना."

बेरिलने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे. "नियम म्हणजे नियम, नोरीन. पुस्तकात नाही, तर नाही."

नोरीन ताडकन उठली. तिने मला उचललं आणि कोटाच्या खिशात टाकलं.

"झालं! लागली मार्डीपणा करायला!" बेरिल ओरडली.

"म्हणजे आहे ना शब्द!" असं म्हणून नोरीनने दार आपटलं.

त्या दिवसापासून दोघी बहिणींमध्ये एक रस्ता होता आणि तो कुणी ओलांडला नाही. मी नोरीनच्या बटणांच्या डब्यात जाऊन पडले. बटणं फार सज्जन असतात, पण त्यांना वाचता येत नाही. इतकी वर्षं मी एकाही शब्दाच्या शेवटी उभी राहिले नाही, याचं मला फार वाईट वाटायचं. नोरीन शिवायला बसली की मधूनच मला हातात घेई, माझ्या आखूड हातावरून अंगठा फिरवी आणि पुन्हा डब्यात टाकी. रूपर्ट वारला, तेव्हा ती चर्चमध्ये गेली, पण शेवटच्या बाकावर बसून कुणाशी न बोलता परत आली.

मग एक दिवस शेजारीण सांगत आली, "ऐकलंस का? बेरिलने घर विकलं. उद्या मुलाकडे चाललीये, स्केगनेसला, समुद्रावर."

"जाऊ दे की! मला काय त्याचं?" नोरीन म्हणाली आणि चांगलं घट्ट असलेलं बटण उसवून पुन्हा लावू लागली. मी डब्यात कासावीस झाले. बेरिल गेली की पेटी जाणार, आणि या दोघी पुन्हा भेटायच्या नाहीत.

दुपारी दार वाजलं. बेरिल पेटी घेऊन उभी होती.

"ही ठेव तुझ्याकडे. शेपटीवाचून मला काय कामाची?"

नोरीन दारातून बाजूला झाली. बेरिल टेबलाशी बसली, तिने पेटी उघडली आणि चार अक्षरं लावली. एम, ए, आर, डी. पुढची जागा तिने रिकामी ठेवली.

नोरीनने त्या जागेकडे पाहिलं. मग तिने बटणांचा डबा टेबलावर पालथा केला, मला शोधलं आणि माझ्या जागी ठेवलं. मित्रांनो, तो आनंद मला सांगता येत नाही.

"गुण मिळणार नाहीत हं," बेरिल म्हणाली. "फार उशीर केलास."

तिने माझ्या आधीची अक्षरं काढली आणि दुसरी चार लावली. एस, ओ, आर, आर.

"बघ बाई, पुस्तकात आहे का हा शब्द?"

"पुस्तकात आहे," नोरीन डोळे पुसत म्हणाली. "तुझ्या तोंडात कधी नव्हता. चहा घेतेस ना, बदके?"

निघताना बेरिलने मला उचललं आणि आपल्या खिशात टाकलं.

"अगं, चोर कुठली!"

"पेटी तुझी, शेपटी माझी. खेळायचं असेल तर पेटी घेऊन समुद्रावर ये."

आता मी स्केगनेसला खिडकीत बसून बसची वाट पाहते. नोरीन येते, पेटी आणते आणि भांडायला नवे शब्दही आणते.

मित्रांनो, खेळातली सोंगटी हरवू देऊ नका, आणि रागाच्या भरात डब्यात तर मुळीच कोंडू नका. रुसवा माझ्यावर संपतो आणि माफीही माझ्यावरच संपते. मी शेवटी उभी आहेच. आधीची चार अक्षरं तेवढी तुम्ही लावा.