तीन चाकांखाली फळ्या

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. गाड्या बांधणाऱ्या कारखान्यात तीस वर्षं मी चाकांचा भार अंगावर घेतला. खाली लोखंडी पाट, वर लांब दांडी आणि तिच्यावर सरकणारं मुठीएवढं वजन. ते टेकूपासून जितकं दूर सरकवाल तितका त्याचा जोर वाढतो; म्हणून तर ते टनभराच्या भाराला पुरून उरतं. तरुणपणी माझं फार कौतुक झालं. पुढे मी गंजलो आणि लोक माझ्यावर बसून चहा पिऊ लागले.

एकदा फिरत्या दवाखान्याची गाडी तयार झाली. चालक ती चढावर नेऊन घाबराघुबरा परत आला.

"पुढची चाकं रस्ता धरतच नाहीत. उद्या डॉक्टरांना घेऊन डोंगर चढायचाय. मी नाही नेणार."

"तुझाच हात हलका असेल," मालक म्हणाले.

त्यांची थोरली बहीण जोडणीचं काम बघायची. सगळे तिला ताई म्हणत. "वाद कशाला? चाकं तोलू," ती म्हणाली.

एकेक चाक माझ्यावर चढलं. बेरीज आली तीन हजार दोनशे चाळीस किलो. गावाबाहेरच्या मोठ्या काट्यावर हीच गाडी बरोबर तीन हजार भरली होती.

"ताई, तुझा म्हातारा बहकलाय. टाक भंगारात!" मालक हसले.

मी खोटं बोललो नव्हतो, पण सांगणार कसा? ताई मात्र गुडघ्यांवर बसून चाकांकडे बघत राहिली.

"अरे, त्याला कशाला नावं ठेवतोस? चुकलो आपण. हा वीतभर उंच. याच्यावरचं चाक एकटंच उचललं जातं आणि दुसऱ्यांचा भार ओढून घेतं. बाकीच्या तिघांखाली तेवढ्याच जाडीच्या फळ्या घाल. आणि हँडब्रेक सोड, म्हणजे चाकं ताणून राहणार नाहीत."

या वेळी पुढची चाकं साडेचारशे-साडेचारशे भरली, मागची हजार पन्नास-हजार पन्नास. बेरीज तंतोतंत तीन हजार! पुढच्या-मागच्या चाकांत अंतर तीन मीटर. ताईने खडूने जमिनीवर गणित मांडलं: भाराचा मध्य पुढच्या चाकांपासून दोन मीटर दहा सेंटिमीटर मागे.

"पार शेपटीत! जनरेटर मागे कुणी टांगला?"

"मीच," मालक पुटपुटले.

दोनशे किलोंचा जनरेटर तीन मीटर पुढे आला. भाराचा मध्य वीस सेंटिमीटर पुढे सरकला आणि पुढच्या प्रत्येक चाकावर शंभर किलो वाढले. मी ते तोलून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फाटकातून हॉर्न वाजवत गाडी आली. "ताई, डोंगर चढून आलो! आता चाक सांगू तसं वळतं!" चालक ओरडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मालकांनी तेलाचं फडकं घेतलं आणि माझा पाट स्वतः पुसला. मित्रांनो, तीस वर्षांत माझी दांडी एवढ्या दिमाखात कधी स्थिरावली नव्हती.

तुमच्याकडचं एखादं जुनं साधन चुकतंय असं वाटलं, तर ते फेकण्याआधी एकदा गुडघे टेकून बघा. ते कशावर उभं आहे आणि आपण त्याला कसं वापरतोय, हे आधी तपासा.