दोनशे ग्रॅम

भिंगरीला भिंगरी म्हणत ते तिच्या पायांमुळे. रिंगणात ती एका जागी म्हणून ठरायची नाही. पण त्या दिवशी सकाळी ती इस्पितळाच्या धुलाईघरात, इस्त्रीच्या यंत्राशेजारी, खांब रोवल्यासारखी बसली होती. अंगात तीन सदरे, त्यांवर प्लास्टिकचं जाकीट, डोक्याला टॉवेल. तापलेल्या रुळांमधून चादरी सरकत होत्या आणि वाफ थेट तिच्या तोंडावर येत होती. यंत्र चालवणारी बाई म्हणजे तिची आईच.

मुष्टियुद्धात जोड्या वजनावरून लावतात. मोठीनं लहानीला बदडू नये, म्हणून. नियम चांगलाच, पण त्यालाही पळवाट निघाली. जिचं वजन त्रेपन्न किलो, ती चार दिवस उपाशी-तहानलेली राहून पन्नासच्या गटात नाव लावते, वजन झालं की खाऊनपिऊन पुन्हा त्रेपन्नची होते आणि दुसऱ्या दिवशी लढते. भिंगरीचं तेच चाललं होतं. दुपारी चारला वजन, उद्या लढत. आणि संघात प्रत्येक गटातून एकच जागा.

“दोन घोट पाणी घे गं,” आई म्हणाली.

“आई! वीस बैठका!”

“कशाबद्दल?”

“तो शब्द बोललीस. वजनाच्या आठवड्यात आमच्याकडे तो कुणी काढायचा नाही. ‘ते’ म्हणायचं. चुकून तोंडातून निघाला तर वीस बैठका.”

“आधी माझ्या गुडघ्यांना विचार!” आई हसत जवळ आली. तिनं लेकीच्या हातावरची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. घडी तशीच उभी राहिली. आईचं हसू मावळलं.

“चादरसुद्धा आम्ही इतकी वाळवत नाही. थोडी ओल राखतो, नाहीतर सुरकुती निघत नाही.” तिनं पुढची चादर रुळांत सरकवली. “मी अडवणार नाही तुला. एवढंच सांग, गेल्या वर्षी तू हरवलीस ती पोर केवढी होती?”

भिंगरीनं डोक्यावरचा टॉवेल डोळ्यांवर ओढला. ती पोर पोटभर जेवून एकोणपन्नास भरली होती. भिंगरीचा एक ठोसा बसला आणि ती दोरावर जाऊन आदळली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिच्या नाकातलं रक्त मात्र कितीतरी वेळ थांबेना. ठोसा काही फार भारी नव्हता. त्याच्या मागे चार किलो जास्त होते, इतकंच. हे भिंगरीनं कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं.

“सगळ्याच करतात, आई.”

“करत असतील. मी तुझं विचारलं.”

दुपारी ती वजनकाट्यावर चढली. पन्नास किलो, दोनशे ग्रॅम.

“अर्धा तास आहे,” सर म्हणाले. सर म्हणजे तिचे प्रशिक्षक. ती सहा वर्षांची असल्यापासून तिला शिकवणारे. “दोरीवर उड्या मार. ही बाटली घे, तीत थुंकत राहा, तेवढंच वजन उतरेल. होईल.”

भिंगरीनं तोंडात थुंकी गोळा करून पाहिली. जीभ टाळूला चिकटलेली. थुंकायलाही काही उरलं नव्हतं.

“सर,” ती म्हणाली, “पाणी.”

भिंतीशी रांगेत बसलेल्या पोरींच्या माना वळल्या. “वीस बैठका!” एकजण सवयीनं ओरडली आणि जीभ चावून बसली.

“काढते ना. आधी पाणी.” तिनं कोपऱ्यातला पाण्याचा जग उचलला आणि सावकाश, घोट घोट, निम्मा रिकामा केला. मग मोठ्यानं मोजत वीस बैठका काढल्या. एकही सोडली नाही. तोंड पुसून ती नावनोंदणीच्या टेबलाशी गेली. “गट बदलायचाय. मला चौपन्नमध्ये घाला.”

“डोकं ठिकाणावर आहे का?” सर कडाडले. “तिथं ‘हातोडा’ म्हणतात ती पोर आहे! अठ्ठावन्नवरून उतरलीय ती. जागा हातची घालवशील!”

“घालवली तर लढून घालवीन, सर. वाळून मिळवायची नाही मला. आणि लहानीला मारून तर मुळीच नाही.”

टेबलामागच्या माणसानं सरांकडे पाहिलं. सरांनी तोंड फिरवलं. त्यानं नाव खोडून दुसऱ्या कागदावर लिहिलं.

दुसऱ्या दिवशी हातोडा नावाला शोभेल अशीच निघाली. पहिल्या फेरीत भिंगरी ठोसा खाऊन दोनदा खाली बसली. दुसरीत तिचे पाय फिरायला लागले. तिसरीत हातोड्याचा श्वास फुटक्या भात्यासारखा वाजू लागला. ओठ पांढरे पडलेले, हात खाली आलेले. आणि भिंगरी तिच्याभोवती नुसती गरगरत होती. घंटा झाली. तिघा पंचांनी हातोड्याला कौल दिला, दोघांनी भिंगरीला. जागा गेली.

कपडे बदलायच्या खोलीत सर आले. रागावले होते, पण सुजलेल्या भुवईवर बर्फ त्यांनीच धरला.

“पुढच्या वर्षी उतरशील ना पन्नासला?” त्यांनी विचारलं.

“नाही सर.” भिंगरीनं समोरच्या बाकाकडे बोट दाखवलं. तिथं हातोडा गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. “तुम्ही तिच्या सरांना विचारा, तिला अठ्ठावन्नला कधी लढू देणार ते.”

हातोड्यानं डोकं वर केलं. ओठ फुटलेला होता, तरी ती हसली. “विचाराच हो सर,” ती म्हणाली. “आमचे सर माझं ऐकत नाहीत.”