अंगठ्यानं वाचलेली अक्षरं

अहो, मी बोलतेय, इकडे, टेबलावरून! नाडीवाली पिशवी. माझ्या पोटात लाकडी सोंगट्या आहेत आणि प्रत्येकीवर एक इंग्रजी अक्षर कोरलेलं. सात सोंगट्या काढायच्या, त्यांतून इंग्रजी शब्द जुळवायचा आणि पटावर मांडायचा, असा आमचा खेळ. खेळ गमतीचा असला, तरी माझा जीव मात्र सदा टांगणीला. का, ते सांगते.

माझा जन्म पडद्याच्या उरलेल्या कापडातून झाला. खेळाबरोबर आलेली पिशवी फाटली, तेव्हा ताईनं मला मशीनवर शिवलं. नाडी ओवताना म्हणाली, "दणकट हो गं बाई, माझा भाऊ नुसता ओरबाडतो." ताई शाळेची बस चालवते, म्हणजे चालवायची. घरात एकटीच. रविवारी दुपारी धाकटा भाऊ खेळायला येतो. चांगला चाळिशीचा आहे, पण तिच्या लेखी तो अजून बारक्याच.

बारक्याच्या हाती 'एक्स' आला की तो कपाळाला हात लावायचा. "ताई, शेवटी एक्स असलेला एखादा शब्द सांग ना!"

"वा रे वा! मीच सांगू आणि मीच हरू?"

ताईला अवघड अक्षरांची भीतीच नव्हती. 'क्यू' आला की लोक 'यू'ची वाट बघत बसतात, ही शेजारी 'आय' ठेवून दोनच अक्षरांचा शब्द करून मोकळी! कुठलं अक्षर कुठल्या शब्दात दडलंय, ते तिला बरोब्बर सापडायचं. शाळा सुटेपर्यंत बसमध्ये बसून ती दुकानांच्या पाट्यांवरचे शब्द मोडायची आणि नवे जुळवायची, म्हणून ही तयारी.

मग तिचा हात माझ्या पोटात रेंगाळायला लागला. नियम असा, की मला डोळ्यांच्या वर धरायचं, तोंड फिरवायचं आणि हाताला लागेल ती सोंगटी काढायची. चाचपायचं नाही. ताई हाताला लागलेलीच सोंगटी घ्यायची, एकही परत टाकली नाही तिनं, देवाशपथ! पण बाहेर काढण्याआधी तिच्यावरून हळूच अंगठा फिरवायची. आधी मला गुदगुल्याच वाटल्या. मग एका दुपारी ती मला घेऊन खिडकीत बसली. एकेक सोंगटी डोळ्यांसमोर धरी, मग डोळ्यांच्या कडेला नेई. "मधोमध काजळी फासल्यासारखं झालंय नुसतं," ती पुटपुटली. "नवा चष्माही काही कामाचा नाही." मग डोळे मिटून अंगठ्यानं अक्षरं घोकत बसली.

ही बाई उद्या सकाळी बसभर पोरं घेऊन रस्त्यावर जाणार! त्यात बारक्याची लेक चिमीसुद्धा. सांगणार कुणाला? मला तोंड आहे, पण ते नाडीनं बांधलेलं.

त्यानंतर सकाळी ताई किल्ली घेऊन निघाली की माझी घालमेल सुरू. दुपारी दार उघडलं की हुश्श. रविवारी ती हसत म्हणायची, "बारक्या, शब्द मोठ्यानं वाच, तुझं इंग्रजी तरी ऐकू दे!" त्या बिचाऱ्याला वाटायचं, ताई नेहमीसारखी चिडवतेय.

एका रविवारी तिच्या हाती 'झेड' लागला आणि पाठोपाठ 'एक्स'. बारक्याचा पाराच चढला.

"ताई, तू चाचपून काढतेस. केव्हाचा बघतोय मी."

सांग गं, आता तरी सांग त्याला! मी आतल्या आत ओरडत होते.

"हो," ती म्हणाली. "केली लबाडी. जिंकायची हौस, दुसरं काय!"

लबाड म्हणवून घेईल, पण डोळ्यांचं नाव काढणार नाही! मला रडूच आलं. बारक्यालाही लागलं ते. "मग आता तुझ्या सोंगट्या मी काढणार," असं म्हणून त्यानं सात सोंगट्या तिच्यापुढच्या पट्टीवर मांडल्या. ताई त्यांच्याकडे बघत बसली, बघतच बसली. शेवटी तिचा अंगठा हळूच पहिल्या सोंगटीकडे सरकला.

बारक्यानं ती सोंगटी उचलून लांब धरली. "कुठलं अक्षर आहे हे?"

"खेळतोयस की परीक्षा घेतोयस?" ताईनं हसत हात पुढे केला.

"अंगठ्यानं नको, ताई. डोळ्यांनी सांग."

तिचं हसू तिथंच विरलं.

"अगं, मग बस कशी चालवतेस?"

"रस्ता पाठ आहे रे. कडेकडेचं दिसतं. आणि सिग्नलला..." तिनं पटाच्या कडेवरून अंगठा फिरवला. "चिमीला पुढे बसवते. लाल की हिरवा, ते ती सांगते. तिला वाटतं, आत्या खेळतेय."

बारक्या पांढराफटक पडला. चिमी हे घरी रोज सांगायची आणि तो तिला शाबास म्हणायचा.

"ओरड ना माझ्यावर," ताई म्हणाली. "पण बस गेली की मी कोण रे? कोपऱ्यात बसवून ठेवलेली आंधळी आत्या?"

"चिमी धडधाकट राहिली तर आत्या म्हणेल ना तुला!" तो खरंच ओरडला आणि मग तोंड झाकून रडायला लागला. ताईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "शाळेच्या मोठ्या बाईंचा नंबर लावून दे. बोलते मी."

आता ताईच्या डोळ्यात इंजेक्शनं देतात. आहे तेवढी नजर टिकेल, असं डॉक्टर म्हणतात. तरी मला मेलीला धीर धरवत नाही. खेळ चालू आहे. "खुशाल चाचप," बारक्या म्हणतो, आणि हरला की अजूनही भांडतो.

बाबांनो, कुणाचा हात रेंगाळला तर लगेच चोर ठरवू नका, आधी जवळ बसून विचारा. आणि स्वतःला दिसत नसेल, तर बोला हो. तुमच्या तोंडाला कुणी नाडी बांधलेली नाही.

रोज सकाळी ताई मला मांडीवर घेऊन खिडकीशी बसते. नवा ड्रायव्हर पोरांना घेऊन समोरून जातो. बस चौकाजवळ आली की माझ्याखालची तिची उजवी मांडी ताठ होते आणि तिचा पाय जमिनीवर घट्ट दाबला जातो. बस थांबेपर्यंत ती तो उचलत नाही.