नाद्याचं फडकं

नाताळच्या आधी लीडिया प्रोकोपचुकचं कार्ड येतं. गेली एकोणीस वर्षं येतंय. मजकूर साधारण तोच: थंडी, गुरं, नवऱ्याचा म्हणजे ओरेस्टचा गुडघा, आणि शेवटी, 'नाद्याला तुम्ही शांत ठेवलंत, हे आम्ही विसरलेलो नाही.' यंदा खाली एक ओळ जास्त होती. 'डॉक्टर, तिचे डोळे कसे होते, सांगाल का? मी उघडे पाहिलेच नाहीत.'

मी कार्ड पालथं ठेवलं.

नाद्या तिसाव्या आठवड्यात, डॉफिनच्या छोट्या इस्पितळात जन्मली. आईचं सिझेरियन, वर रक्तस्राव. तिला तिथेच ठेवून बाळाला विमानाने विनिपेगला आमच्या नवजात अतिदक्षता कक्षात आणलं. बाळ व्हेंटिलेटरवर. पण नळीशी तिचं पटेना. हातपाय झाडायची, पाठीची कमान करायची, की रक्तातला ऑक्सिजन खाली यायचा. नळी घशात असल्यामुळे रडण्याला आवाज नसतो, नुसता चेहरा रडतो. आमच्याकडे ही तळमळ मोजायचा तक्ता होता. चेहरा, मुठी, श्वास, प्रत्येकाला आकडा. बेरीज वर गेली की मॉर्फीन, म्हणजे गुंगीचं औषध, वाढवायचं. तो तक्ता करणाऱ्यांत मी होतो. मला त्याचा अभिमान होता, हे आज लिहायला संकोच वाटतो.

नाद्याची नर्स मारिविक डुमलागान. ती म्हणायची, "डॉक्टर, तुमचा तक्ता तिला वाचून दाखवा. कंटाळून झोपेल."

तिची रीत वेगळी. काचेच्या पेटीवर चादर टाकून उजेड कमी करायचा, एक तळवा डोक्यावर, दुसऱ्याने पाय पोटाशी दुमडून धरायचे आणि न हलता उभं राहायचं. दहा मिनिटं, वीस मिनिटं. आणि फडकं. बुधवारी ओरेस्ट डॉफिनहून ते घेऊन आला होता. साधं फ्लॅनेलचं, लीडियाने दिवसरात्र छातीशी ठेवलेलं. ते नाकाजवळ ठेवलं की नाद्याची मूठ सुटायची.

शुक्रवारी लीडियाला घरी सोडणार होते. तिथून ती थेट इकडे येणार होती, तीन वाजता. मारिविकने सकाळीच सगळ्या सुया, तपासण्या उरकून घेतल्या.

"तीन वाजता हिचे डोळे उघडे हवेत. आई पहिल्यांदा बघणार आहे. औषधाला कुणी हात लावलात तर याद राखा."

"मला सांगताय?"

"तुम्हालाच. बाकीचे ऐकतात."

दुपारी ती जेवायला गेली असताना मी फेरीवर आलो. त्या महिन्यात दोन बाळांना जंतुसंसर्ग झाला होता आणि मी दिसेल ते उचलून फेकत होतो. नाद्याच्या पेटीच्या कडेवर एक पिवळट, आंबूस वासाचं फडकं पडलं होतं. दोन बोटांत धरून मी ते मळक्या कपड्यांच्या पिशवीत टाकलं. त्याला चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहिलं होतं. औषधाच्या कागदावरची बारीकात बारीक अक्षरं वाचणारा मी. ते वाचलं नाही.

दीडला तळमळ सुरू झाली. मारिविकचे हात पुरेनात.

"फडकं कुठाय? चादर बदलताना इथेच ठेवलं होतं." तिने सगळ्यांना विचारलं. पिशवी तोवर धुलाईला गेली होती.

मला तेव्हा कळलं. मी पेन हातात धरून शेजारीच उभा होतो. बोललो नाही.

"थांबा ना, डॉक्टर," ती म्हणाली. "आई तासाभरात पोचेल. तिचाच वास आहे ना त्याला? ती स्वतःच येतेय. तोवर मी धरते."

बेरीज नऊ आली होती. ऑक्सिजन दोनदा घसरला होता. आकडा माझ्या बाजूने होता, आणि त्या क्षणी मला तिच्या नजरेसमोरून निघून जायचं होतं. मी मॉर्फीनचा वाढीव डोस लिहिला. पुस्तकाप्रमाणे तो चूक नव्हता. नंतर मी पुष्कळदा पडताळून पाहिलंय.

लीडिया चाकांच्या खुर्चीतून आली, अंगात कोट तसाच. नाद्या सैल पडून झोपली होती.

"किती शांत आहे गं," ओरेस्ट म्हणाला.

लीडियाने बोट तिच्या मुठीत सरकवलं. मूठ मिटली नाही. "दमली असेल. झोपू दे. उद्या उठली की बघेन."

मारिविक खिडकीकडे तोंड करून उभी होती.

शनिवारी पहाटे आतड्याला संसर्ग झाल्याचं दिसलं. रविवारी दुपारी नाद्या गेली. ती माझ्या औषधाने गेली नाही, एवढं मी खात्रीने सांगू शकतो. त्याने बरं वाटत नाही.

कार्डाला उत्तर लिहायला बसलो, तर आठ दिवस रोज तपासलेल्या बाळाचे डोळे मला आठवेनात. नोंदीत बाहुल्यांचा आकार असेल, मिलिमीटरमध्ये. शेवटी मारिविकला फोन केला. ती आता निवृत्त होऊन मुलीकडे असते.

"अजून जिवंत आहात?" ती म्हणाली. मी कार्डाचं सांगितलं.

"ओल्या पाटीसारखे. डावा आधी उघडायचा, उजवा मागून, आळसट. वास आला की डावा."

मी लिहून घेतलं.

"डॉक्टर, फडकं तुम्हीच टाकलंत ना?"

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"ते शोधत नव्हतात ते फक्त तुम्ही. आम्ही सगळे टेबलांखाली वाकून बघत होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"वाटलं, तुम्हीच सांगाल. आज, उद्या. मग राहूनच गेलं."

"आता लीडियाला कळवतो."

"कशाला? तुमचं ओझं उतरेल आणि तिच्या डोक्यावर बसेल. तिने विचारलंय तेवढंच लिहा."

मी तेवढंच लिहिलं: पाटी, डावा आधी, उजवा मागून. फडक्याचं लिहिलेला दुसरा कागद पाकिटात घातला, काढला, परत घातला. पोस्टाच्या पेटीत पाकीट टाकलं तेव्हा तो माझ्या खिशात होता. मारिविकचा सल्ला ऐकला, की त्या दुपारसारखाच गप्प राहिलो, मला ठरवता आलेलं नाही.