चौथा कप्पा

बायको प्रेमला जाऊन चार महिने झाले, तरी आबारावाला जेवण जात नव्हतं. सून तृप्ती स्वयंपाक चांगला करायची. नव्हतं ते बोलणं. प्रेमला ताट वाढून समोर बसायची आणि रोज काहीतरी नवं सांगायची. शेळीचं पोट फुगलं तर काय करावं, कुठल्या फडात कोण चितपट झालं. हे सगळं ती मोबाइलवरच्या फीड रीडरमध्ये वाचायची. आवडीच्या साइटींवर नवं काही आलं की ते त्या एकाच पानावर येऊन पडायचं. तेच पान आबारावाला हवं होतं.

तृप्तीनं नव्या फोनवर ते उघडून दिलं. अक्षरं मोठी, फोटो रंगीत. पण बोटानं सरकवलं की वरचं गायब व्हायचं. अर्ध्या तासात पान रिकामं झालं.  तो फोन आणि प्रेमलाचा जुना, दोन्ही घेऊन आबाराव वडीगोद्रीला सलमाच्या मोबाइल दुकानात आला.

"बेटी, तिचं सगळं पुसून बसलो गं मी."

"आधी बसा काका. लोक म्हणतील, सलमानं म्हाताऱ्याला रडवलं." तिनं नवा आणि प्रेमलाचा जुना फोन शेजारी-शेजारी ठेवले. "पुसलं न्हाई काही. पान दाखवायचा हा नवा प्रकार जल्दीबाज हाय. नजरेखालून गेलं की वाचलं समजतो अन् लपवतो. चाचीचा जुना प्रकार साधा. फोटो न्हाई, पण उघडल्याबिगर वाचलं म्हणत न्हाई. अन् कप्पे समोरच दिसतेत. नव्यात कोपऱ्यात दडवलेत."

जुन्या फोनवर चार कप्पे होते. स्वयंपाक, अंगणवाडी, दवापाणी. चौथ्यावर लिहिलं होतं, आबाराव.

तो बघतच राहिला. छत्तीस वर्षांच्या संसारात प्रेमलानं त्याचं नाव घेतलं नव्हतं. हाक मारायची तर 'अवो', दुसऱ्याला सांगायचं तर 'आमच्या घरचे'.

सलमानं कप्पा उघडला. शेळ्या, कापूस, कुस्ती. जेवताना सांगितलेलं होतं, न सांगितलेलंही बरंच होतं.

"मला वाटायचं, तिलाच कुस्तीचा नाद हाय," आबाराव म्हणाला. "चिडवायचो बी."

"चाचीला? रिचार्जला आली की म्हणायची, सलमा, पैलवानांचं वाचून डोकं दुखून राह्यलं."

आबाराव हसायला गेला आणि रुमालानं तोंड पुसत बसला.

"मंग पान कोणतं ठेवू? नव्यात अक्षरं मोठी हायेत."

"जुनं."

"चष्म्याबिगर दिसायचं न्हाई, काका."

"लावतो की चष्मा."

चष्मा लावून त्यानं स्वतःच एक लेख उघडला. शेळ्यांच्या खुरांवरचा होता. अक्षर अक्षर लावत तो मोठ्यानं वाचू लागला. मागं गिऱ्हाईक ताटकळलं, तर सलमानं त्याला हातानंच थांबवलं.

अर्धं वाचून झाल्यावर आबाराव मान वर न करता म्हणाला, "हे सांगायचं राहिलं व्हतं तिचं."