खोटं निघू दे

सगळं गाव ती बातमी खरी की खोटी म्हणून भांडत होतं, तेव्हा आमच्या घरात एक बाई ती खोटी निघावी म्हणून देव पाण्यात घालून बसली होती. ती माझी भावजय, माझ्या धाकट्या भावाची बायको.

धाकटा वीज कंपनीत लाईनमन. लढाई सुरू झाली तशी त्याला सीमेवरच्या शहरात पाठवलं, तिथल्या दवाखान्यांची वीज चालू ठेवायला. जाताना म्हणाला, मी कुठं लढायला चाललोय, मी तर खांबावर चढायला चाललोय. मग त्या शहराचा रस्ता बंद झाला आणि पाठोपाठ फोनही. भावजय तरी रोज त्याचा नंबर लावायची. पलीकडून एक बाई गोड आवाजात सांगायची की संपर्क होऊ शकत नाही. त्या बाईला हिनं अगदी सवत मानलं होतं. ‘आली पुन्हा टवळी,’ असं म्हणून फोन ठेवायची आणि परत लावायची. मोरीत जाताना फोन माझ्या हातात देऊन जायची. वाजला तर दार तोड, असं तिनं मला बजावून ठेवलं होतं.

माझं चष्म्याचं दुकान आहे. गिऱ्हाईकांना वेळ जावा म्हणून भिंतीवर एक टीव्ही लावलाय. त्या दिवशी एका म्हातारबाबांना अक्षरं वाचायला लावत होते आणि मागं बातम्या चालू होत्या. पडलेल्या इमारतीतून दोन माणसं एका जखमीला घेऊन येत होती. स्ट्रेचर नव्हतं म्हणून त्याला घराच्या निखळलेल्या दारावरच निजवलं होतं. पोटावर फडकं होतं आणि ते लाल झालेलं होतं. कॅमेऱ्यासमोर आल्यावर त्यानं मान वळवली, सरळ बघितलं आणि हात थोडासा वर केला. तो आमचा धाकटा होता. मी दुकान उघडं टाकून घरी पळाले. म्हातारबाबा चाचणीचा चष्मा घालूनच गेले, तो त्यांनी अजून परत केलेला नाही.

घरी भावजय टीव्हीसमोर उभी होती. बसायचं तिला सुचलंच नव्हतं. ती चार क्षणांची फिल्म पुन्हा पुन्हा दाखवत होते आणि ती प्रत्येक वेळी पडद्याला हात लावत होती. त्याला पुढं कुठं नेलं, ते कुणीच सांगत नव्हतं.

मग काही दिवसांनी दुसरी फिल्म आली. कुणीतरी लांबून मोबाइलवर घेतलेली होती. तीत तेच दार, तीच माणसं. ती दार खाली ठेवतात, जखमी मान उचलून कॅमेरावाल्याशी काहीतरी बोलतो, मग माणसं दार उचलून उलटी मागं जातात आणि पुन्हा तशीच चालत येतात. झालं! शत्रूच्या वाहिन्यांनी आधी बोंब ठोकली की हे सगळं नाटक आहे. मग आमच्याकडच्यांनीही ठोकली. आदल्या आठवड्यात ज्या निवेदिकेनं डोळे टिपले होते, तीच आता टेबल आपटून विचारत होती की या नटाला पैसे किती दिले. कॅमेरावाल्याला कामावरून काढलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझा भाऊ नट? मी त्याच तिरीमिरीत वाहिनीला फोन लावला, तो आमचा माणूस आहे असं ठणकावलं, पत्तासुद्धा दिला. फोन ठेवून वळले तर मागं भावजय हसत होती. तिच्या चेहऱ्यावर असं हसू मी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. पोट फाटलेला माणूस कधी गप्पा मारेल का, असं तिनं मला विचारलं. कॅमेरावाला म्हणाला असेल जरा झोपा, हा झोपला असेल. याला कुणाला नाही म्हणवतच नाही. शूटिंग झाल्यावर उठला असेल, कपडे झटकले असतील. त्या दिवशी ती पोटभर जेवली. मी वाद घातला, अब्रूच्या गोष्टी केल्या. अंथरुणावर पडल्यावर मात्र माझं मलाच कळलं की मलाही तेच हवं होतं. भाऊ लबाड ठरला तर ठरू दे, पण दारातून आत येऊ दे.

पुढच्या आठवड्यात भर दुपारी कॅमेरावाला आमच्या दारात उभा राहिला. वाहिनीतल्या एका मित्रानं त्याला पत्ता दिला होता. किडकिडीत माणूस, खांद्यावर जड पिशवी, बस म्हटलं तरी बसेना. कुठलीच वाहिनी त्याला उभं करत नव्हती. मुलीला शाळेत सगळे नाटकवाल्याची पोरगी म्हणत होते, म्हणून ती शाळेला जायला तयार नव्हती. घरातल्या कुणी कॅमेऱ्यासमोर एवढंच सांगावं, की हा आमचा माणूस, खराच जखमी झालेला, तर त्याच्यावरचा डाग पुसला जाईल, अशी त्याची विनंती होती. मी हो म्हणणारच होते. तेवढ्यात भावजय चहा घेऊन आली. तिनं आतून सगळं ऐकलं होतं.

“दादा,” ती म्हणाली, “तुम्ही मला फक्त एवढंच सांगा, की ते खोटं होतं.”

दोघांनाही समोरच्याकडून एकेक वाक्य हवं होतं. ज्याला त्याचं वाक्य मिळेल, त्याच्यापायी दुसऱ्याचं सगळं जाणार होतं. त्यानं कप हातात घेतला. हो म्हणून टाकेल, अशी मला भीती वाटली आणि आशाही वाटली.

“वहिनी, त्यांना दोनदा आणलं, हे खरं आहे,” तो अखेर म्हणाला. “पण ते मी सांगितलेलं नव्हतं.”

मग त्यानं सांगितलं. पहिल्या वेळी उचलणाऱ्याची पाठ मध्ये आली आणि जखमीचा चेहरा दिसलाच नाही. कॅमेरावाला सोडून देणार होता, अशा वेळी कोण अडवतं कुणाला. पण दारावरच्या माणसानंच त्याला हाक मारली आणि चेहरा आला का, म्हणून विचारलं. हा नाही म्हणाला.

“तर म्हणाले, मग पुन्हा घ्या. बायको बातम्या बघत असेल. मी कुठं आहे ते तिला कळू दे.”

उचलणारे चिडले होते. धाकट्यानं त्यांना हात जोडले, तेव्हा ते मागं फिरले. वाहिनीत कॅमेरावाल्यानं हे सांगितलं होतं, पण साहेब म्हणाले, ही गोष्ट तर नाटकाहून खोटी वाटते.

“आणि जखम?” भावजयीनं विचारलं.

“जखम खरी होती, वहिनी. गाडीत घातलं तेव्हा शुद्धीवर होते. पुढचं मला माहीत नाही. मी नावसुद्धा विचारलं नाही.”

भावजय खाली बसली. मला वाटलं आता धाय मोकलून रडेल, पण ती रडली नाही. इतके दिवस जे खोटं निघावं म्हणून ती धावा करत होती, ते त्यानं फाटलेल्या पोटानं तिच्यासाठी दोनदा केलं होतं. माझाच धीर सुटला. मला भावाचा भयंकर राग आला आणि तो आत्ताच्या आत्ता समोर हवासा वाटला. बऱ्याच वेळानं ती उठली. तोंड धुऊन, केस विंचरून आली, खिडकीजवळ खुर्ची ओढून बसली आणि कॅमेरावाल्याला म्हणाली की काढा तुमचं सामान.

त्यानं कॅमेरा लावला. काय बोलायचं ते समजावून सांगितलं. आधी नाव, मग नातं, मग हाच माझा नवरा असं स्पष्ट. माझ्याकडे बघून बोला, भिंगात बघू नका, हेही सांगितलं. तिनं मान डोलवली. आणि सरळ भिंगात बघितलं.

“दिसलास मला,” ती म्हणाली. “हात वर केलास, तोही दिसला. मी घरीच आहे. तू ये.”

 कॅमेरावाल्यानं बाहीनं डोळे पुसले आणि ओशाळून म्हणाला की माझा हात हलला, चित्र हललंय. शिवाय यात नाव नाही, नातं नाही, लोकांना यातून काय कळणार. एकदा पुन्हा घेऊ या का, म्हणून त्यानं विचारलं.

ती खुर्ची सरकवून उठलीसुद्धा होती.

“नको,” ती म्हणाली. “त्याला कळेल.”