डाळिंबाखालची विहीर

प्रयोगशाळेचा निकाल पुन्हा तसाच आला. बाईंनी फोन टेबलावर पालथा ठेवला आणि डोकं धरून बसल्या. विहिरीच्या पाण्यात पेट्रोल. अगदी थेंबभर, पण मर्यादेच्या वर.

जमिनीखालचं पाणी कुठून येतं, कुठे जातं, वाटेत काय काय गिळतं, हे शोधणं बाईंचं काम. त्या वस्तीत सगळे त्यांना पाणीवाल्या बाई म्हणत. कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपाची पुरलेली टाकी कधीतरी गंजली होती, आणि आतलं पेट्रोल मातीच्या पोटातून चोरपावलांनी मागच्या गल्लीपर्यंत पोचलं होतं. बाईंनी टाकी उपटून काढायला लावली. वास मारणारी माती खणून नेली. जागोजागी बोअर घेतले, पाणी वर खेचून कोळशाच्या गाळणीतून काढलं. तापातून उठणाऱ्या माणसासारखा एकेक बोअर सुधारत गेला. राहिली ती गल्लीच्या टोकाची एक विहीर. ती काही केल्या ऐकेना.

विहीर कलमवाल्या मावशींची. मावशींची रोपवाटिका होती, आणि विहिरीच्या काठाला डाळिंबाचं एक जुनं झाड. त्याच्याच फांद्यांवर त्या कलमं बांधत आल्या होत्या. शहरात कुणाच्या अंगणात डाळिंब दिसलं, की ते बहुधा या झाडाचं लेकरू असायचं. मावशी झाडाला ‘आई’च म्हणत.

आणि आता प्रदूषण खात्यातले साहेब म्हणत होते, की पाणी सुधारत नाही म्हणजे विहिरीभोवतीच्या मातीतच पेट्रोल दडून बसलंय. भोवतालचं सगळं खणून काढा. खोदाईचं यंत्र ठरलंही होतं. बाईंनी परोपरीने सांगून पाहिलं, की विहिरीशेजारची माती तपासली आहे, ती स्वच्छ आहे. मग पाण्यात कुठून येतं, असं साहेब विचारत. बाईंनी जुने नकाशे पालथे घातले, पाण्याची वाट पुन्हा मोजली, पंपाच्या नव्या टाकीवर संशय घेऊन मालकाशी भांडणही करून झालं. उत्तर कुठेच नव्हतं.

यंत्र येणार हे मावशींना सांगायला त्या स्वतःच गेल्या. विहीर वापरायला बंद झाल्यापासून टँकर येई; मावशी त्याच्याच पाण्याने रोपं भिजवत होत्या आणि स्वतःशीच गुणगुणत होत्या:

*माझ्या विहिरीच्या पाण्या, तुला लागली कुणाची दृष्ट,*
*काल ओंजळीत होतं गोड, आज कुणी गं केलं उष्टं.*

बाईंनी सगळं सांगितलं. मावशींनी नळी खाली ठेवली नाही. पाणी एकाच कुंडीत पडत राहिलं, कुंडी भरून वाहिली तरी.

“झाड हलवता येणार नाही?” त्यांनी विचारलं.

“मुळं विहिरीच्या दगडांत गेलीत, मावशी.”

“दुखणं सापडत नाही म्हणून डॉक्टर पेशंटलाच कापायला काढतो का गं, पोरी?”

 बाई गाडीत येऊन बसल्या आणि दार इतक्या जोरात ओढलं, की ड्रायव्हरमामांनी आरशातून फक्त बघितलं. मामा बाईंची गाडी चालवत आणि नमुने घ्यायला मदतही करत. बोलणं कमी, काम चोख.

यंत्र यायच्या आधी बाईंनी शेवटचा एक नमुना घ्यायचं ठरवलं. या वेळी वैतागून त्यांनी एक जास्तीची गोष्ट केली. प्रयोगशाळेतून शुद्ध पाण्याची सीलबंद बाटली आणली होती, ती विहिरीच्या काठावर उघडली आणि मामांना तिच्यातलं पाणी दुसऱ्या बाटलीत ओतायला लावलं. मग विहिरीचं पाणी आणि हे शुद्ध पाणी, दोन्ही बाटल्या नुसते क्रमांक घालून पाठवल्या.

निकाल आला. दोन्ही बाटल्यांत पेट्रोल.

बाई प्रयोगशाळेवर उखडल्या. शुद्ध पाण्यात पेट्रोल निघतं म्हणजे तुमची यंत्रं धुतलीत तरी कधी, असं त्यांनी तिथल्या तपासनिसाला सुनावलं. तो थंडपणे म्हणाला, “बाई, आम्ही इथे पेट्रोल पीत नाही. बाटली उघडली कुणी ते बघा.”

त्यांनी फोन ठेवला. मग उठून ऑफिसच्या आवारात आल्या आणि मामांना म्हणाल्या, की मावशींकडे जे जे करता ते सगळं मला इथे करून दाखवा, अगदी पहिल्यापासून.

मामा गाडीतून उतरले. उतरल्याबरोबर त्यांनी हातमोजे चढवले. मागचं दार उघडून जनरेटर खाली घेतला, कारण नमुना उपसायच्या छोट्या मोटरला सगळ्या बोअरपाशी पेट्रोल पंपावरची वीज मिळे, मावशींच्या विहिरीपाशी मात्र वीज नव्हती. मधेच बंद पडू नये म्हणून कॅनमधलं पेट्रोल ओतून जनरेटर काठोकाठ भरला. झाकण लावलं, फडक्याने नीट पुसलं. आणि त्याच हाताने बाटल्यांची पेटी उघडली.

“थांबा,” बाई म्हणाल्या.

मामा थांबले.

“मोजे बदलत नाही तुम्ही?”

मामांचा चेहरा पडला. “तुम्हीच सांगितलं होतं ना, बाई. गाडीतून उतरल्यावर मोजे घालायचे ते बाटल्या बर्फात जाईपर्यंत काढायचे नाहीत. मी एकदाही काढले नाहीत.”

खरं होतं. नियम बाईंचाच होता. त्यांनी तो दटावून पाठ करून घेतला होता, आणि मामा पेट्रोल भरत तेव्हा त्या विहिरीपाशी दोरी सोडत उभ्या असत, पाठमोऱ्या.

त्यांनी साहेबांना फोन लावला. साहेब ऐकत राहिले, मग म्हणाले, “म्हणजे आपण आपलंच पेट्रोल मोजत होतो? आणि हे मी वर कुणाच्या नावावर सांगू?”

“माझ्या.”

यंत्र रद्द झालं. पण आधीचे निकाल बाद म्हणजे बादच; विहीर चांगली की वाईट, दोन्हीचा पुरावा राहिला नाही. नव्याने सुरुवात करा, वर्षभर स्वच्छ निघाली तर विहीर वापरायला खुली करू, असं साहेब म्हणाले. त्यात त्यांचं चूक नव्हतं, आणि त्याचाच बाईंना जास्त राग आला.

बाईंनी हे जाऊन सांगितलं, तेव्हा मावशींनी आधी झाडाकडे पाहिलं. मग बाईंकडे.

“म्हणजे इतके दिवस माझं पाणी बरं होतं?”

“असेल. नसेलही. मला माहीत नाही, मावशी.”

“आणि मी हे टँकरचं ओतत बसले.” मावशी नळी झटकत कुंड्यांच्या पलीकडच्या रांगेत निघून गेल्या.  बाईंनी माफ कर म्हणावं, तर ते फार सोपं झालं असतं. पलीकडून आवाज आला, “मग आता बघा नीट. ती गाडी गल्लीच्या बाहेर ठेवा म्हणजे झालं.”

गाडी गल्लीच्या तोंडाशी गेली. मामा तिला टेकून उभे राहिले, दोन्ही हात पाठीमागे बांधून, जणू ते हात कुणाला दिसू नयेत. बाईंनी डाळिंबाखाली कोरे मोजे घातले आणि मोटरऐवजी लहानशी नळकांडी दोरीने हळूहळू विहिरीत सोडली. वर आलेलं पाणी बाटलीत भरलं. सवयीने नाकाशी नेलं, आणि वास आला नाही म्हणून काही सिद्ध होत नाही हे आठवून झाकण घट्ट पिरगाळलं.

पलीकडे मावशींनी पुन्हा टँकरचा नळ सोडला.